कोंडवाड्याची खोली

धामणखेड्यात ज्याचं घर त्याचा उकिरडा, हा कायदा कुणी लिहून ठेवला नव्हता, पण सातबाऱ्यापेक्षा तो पक्का होता. भाऊ भावापासून वेगळा निघाला की आधी उकिरड्याची जागा वाटून घ्यायचा आणि मग भांडी. आष्टीकडून येणारी सडक गावात शिरायच्या आधी तिच्या दोन्ही अंगांना असे सव्वाशे उकिरडे बसलेले असत. पाहुण्याला गाव दिसायच्या आधी गावाचा वास यायचा, आणि त्याची कुणाला लाज नव्हती. उकिरडा मोठा म्हणजे गोठ्यात जनावरं जास्त, म्हणजे घर भरलेलं. मुलगी द्यायला आलेला शहाणा माणूस उकिरडा बघूनच अर्धा होकार मनातल्या मनात देऊन टाकायचा.

दोन हजार एक साली ग्रामस्वच्छतेचं अभियान गावात आलं आणि हा कायदा मोडला. आदल्या साली शेजारच्या गावाला त्यात तालुक्यात नंबर मिळाला होता, तिथल्या सरपंचाचा फोटो पेपरात छापून आला होता, आणि तो फोटो धामणखेड्याच्या बद्रीनाथ सरपंचाच्या चांगलाच जिव्हारी लागला होता. त्यानं ट्रॅक्टर लावून सगळे उकिरडे उचलले. गावाबाहेरच्या जुन्या कोंडवाड्यात एक मोठा खड्डा खणला, शेजारी विटांचे चार हौद बांधले आणि हौदांवर उसाच्या पाचटाचं छप्पर घातलं. घरोघरचा केर, शेण, भाजीची देठं आधी खड्ड्यात कुजायची आणि मग हौदातल्या गांडुळांपुढे जायची. मोकाट जनावरं कोंडून ठेवायची पद्धत गावानं केव्हाच सोडली होती. त्यामुळे कोंडवाडा रिकामाच होता, भिंतीला धरून राखणदाराची एक खोली तेवढी उभी होती.

हे सगळं बघायला माणूस पाहिजे होतं. बद्रीनाथनं चौघांना विचारलं, चौघांनी कानांवर हात ठेवले. सगळ्या गावाच्या केरात हात घालायला कोण तयार होणार? मग त्याला चांगुणाची आठवण झाली. कुणी न पत्करलेलं काम असलं की गावाला तिची आठवण व्हायचीच.

चांगुणा ही पुंजारामची धाकटी बहीण. अंकुशनगरला, कारखान्याच्या वसाहतीत दिली होती. मूलबाळ झालं नाही म्हणून नवऱ्यानं चौथ्या वर्षी दुसरी आणली आणि हिला एसटीत बसवून दिलं. त्याला आता बारा वर्षं झाली होती. भावाच्या घरी ओसरीच्या कोपऱ्यात, ज्वारीच्या कणगीला लागून तिचं अंथरूण असायचं. वहिनी उषाबाई वाईट नव्हती. भाकरी वाढताना तिचा हात कधी आखडला नाही. पण हळदीकुंकवाला बायका आल्या की ती चांगुणाला काहीतरी काम काढून गोठ्यात पाठवायची, आणि पुढेपुढे चांगुणा न सांगताच उठून जायला लागली. दोघींना त्याची इतकी सवय झाली की यात कुणी कुणाचा अपमान करतंय, असं दोघींनाही वाटेनासं झालं होतं.

"तपासणीची समिती दिवाळी झाली की येतीय," बद्रीनाथ तिला म्हणाला. "गावाचा नंबर आला तर ग्रामसभेत ठरावच घेतो. ती कोंडवाड्याची खोली तुला राह्याला. खत बघायचं आन् तिथंच राह्याचं. कुणाचं मिंधं राह्याचं काम न्हाई."

"लिहून द्याल का, बद्रीभाऊ?" चांगुणानं विचारलं.

"आधी नंबर येऊ दे मंग."

खोली कसली, दहा बाय दहाचं खोपट. पण चांगुणा आतून झाडून आली ती वेगळीच होऊन. चूल कुठं मांडायची, पेटी कुठं ठेवायची, हे तिनं उभ्याउभ्या ठरवून टाकलं. तिला आणखी एक गोष्ट हवी होती, ती ती कुणाजवळ बोलली नाही. आपल्याकडे कुणीतरी बसायला यावं, आपण चहा टाकावा, आणि आलेल्या माणसानं घोट घेऊन साखर कमी झाली म्हणून नाव ठेवावं. बारा वर्षांत तिच्याकडे कुणी आलं नव्हतं. जे यायचे ते पुंजारामकडे यायचे.

ग्रामपंचायतीनं तिला तीन दिवसांच्या शिबिराला जालन्याला पाठवलं. तिथून ती डोक्यात सगळं पाठ करून आणि डब्यात गांडुळं घेऊन आली. मग दारोदार फिरून सांगायला लागली. प्लॅस्टिक वेगळं ठेवा, काच वेगळी ठेवा. आंबट चालत नाही, खारट चालत नाही, चुना तर बिलकुल नाही. गांडुळाला कातडं असून नसल्यासारखं, त्याला सगळं झोंबतं.

"येवढी लाडाची तर माझी सून बी न्हाई," तुळजाबाई म्हणाली. तुळजाबाई म्हणजे गावातली सगळ्यात मोठ्या तोंडाची म्हातारी. पाच सुनांवर राज्य केलेली. तिनं हसून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी पहिलं टोपलंही तिच्याच घरचं आलं. तिच्यामागून गल्ली आली आणि गल्लीमागून गाव. मुसलमानवाडीतली अकबरबी बांगड्या विकायला फिरायची, ती तर दोन ओंजळी गांडुळं मागून घेऊन गेली आणि घरामागं फुटक्या डेऱ्यात पाळून बसली. दसऱ्यापर्यंत हौद काळ्याभोर खतानं भरले. बायका वाटेत थांबून "चांगुणाबाई, आज शेण जरा कमी हाय बरं का" असं सांगायला लागल्या. बाई! त्या एका शब्दासाठी चांगुणा पहाटे उठायची, हे काय सांगायला पाहिजे?

दिवाळीच्या तोंडावर अडचण उभी राहिली ती तुळजाबाईच्याच ओसरीवर. पाडव्याच्या पहाटे घरातली इडापिडा बाहेर काढायची ती कुठं?

ही रीत धामणखेड्यात कुणी चुकवत नाही. पाडव्याला उजाडायच्या आत घरची बाई कोपरान् कोपरा झाडते. तो केर, भिंती रंगवताना निघालेली चुन्याची पोपडी, जुनी केरसुणी, सगळं एका फुटक्या सुपात घेते. घरातल्या एकेका माणसावरून, जनावरांवरून आणि शेवटी उंबऱ्यावरून मूठमूठ खडेमीठ उतरवून त्यात टाकते. वर दिवा ठेवते आणि मागं न बघता जाऊन सूप आपल्या उकिरड्यावर उलटं करते, दिवा त्याच्या पाठीवर ठेवते. वर्षाचं दुखणंखुपणं, भांडणं, दलिंदर, सगळं गेलं. आता उकिरडाच नव्हता.

"जुन्याच जागी टाकू की," एक सून म्हणाली. "सडकंच्या कडंला."

पायरीशी उभ्या असलेल्या चांगुणानं मनातल्या मनात हिशेब केला. एकदा सुपं तिथं पडली की दुसऱ्या दिवशी शेणही तिथंच पडणार, आणि आठ दिवसांत सव्वाशे उकिरडे पुन्हा जागच्या जागी बसणार. समिती पाडव्यानंतर दहाव्या दिवशी येणार होती.

"ह्या साली सगळ्या जणी कोंडवाड्यात या," ती बोलून गेली. "गावाचा उकिरडा आता एक हाय, तर इडापिडा बी एकाच जागी टाकू."

बायकांनी तुळजाबाईकडे बघितलं. तुळजाबाईनं पानाचा चोथा इकडून तिकडे केला. तिच्या नातवाला घटस्थापनेपासून ताप येत होता, जालन्याचा डॉक्टरही झाला होता, पण ताप उतरायचं नाव नव्हतं. यंदा ही रीत चुकवणं तिला परवडणारं नव्हतं.

"येऊ," ती म्हणाली. "पर दिवा इझता कामा न्हाई. इझला तर पिडा माघारी येती."

बद्रीनाथला हे कळलं तेव्हा तो खूश झाला. "ह्यालाच लोकसहभाग म्हणतेत," तो म्हणाला. हा शब्द त्यानं परिपत्रकात वाचला होता.

पाडव्याच्या पहाटे चांगुणा कंदील घेऊन कोंडवाड्याच्या फाटकात उभी राहिली. टाकलेल्या बाईनं इडापिडेचं सूप धरायचं नसतं, म्हणून तिचं स्वतःचं काही नव्हतं. अंधारातून एकेक दिवा यायला लागला. सव्वाशे बायका सुपं सांभाळत एका रांगेत येत होत्या आणि कुणी बोलत नव्हतं. चांगुणाला भरून आलं. जिच्याकडे बारा वर्षांत कुणी फिरकलं नाही, तिच्या फाटकात आज अख्खं गाव उभं होतं. तुळजाबाईनंही ते ओळखलं. "चांगुणे, तुझ्या दारात सगळं गाव आलं बघ," ती हळूच म्हणाली. चांगुणाला तिचे पाय धरावेसे वाटले.

पण दोन दिवसांपूर्वी अवकाळी पाऊस पडून गेला होता. खड्ड्याच्या कडा निसरड्या झाल्या होत्या, आत पाणी साचलं होतं आणि वाराही सुटला होता. रांगेतली पहिली बाई खड्ड्याच्या काठावर गेली आणि तिचा पाय घसरला. दिवा फडफडला.

"तिकडं नगं," चांगुणा लगबगीनं म्हणाली. "इकडं छपराखाली या. हौदात ठेवा. इथं वारं लागत न्हाई."

सव्वाशे सुपं चार हौदांत उलटी झाली. चांगुणा पाण्याची बादली घेऊन उभी होती आणि तिचे डोळे वर छपरावर होते. पाचट पावसानंतरही आतून वाळलेलंच, खाली सव्वाशे दिवे. एक ठिणगी उडाली तर सगळं खाक. दिवे शांत होईपर्यंत तिनं मान खाली केली नाही, मग हौद तसेच ओल्या पोत्यांनी झाकून टाकले. सुपांतून काय पडतंय ते तिनं बघितलं नाही, आणि बघितलं असतं तरी तिला ते दिसलं नसतं, असं मला वाटतं. लोणच्याचा खार हौदात टाकू नका म्हणून घसा कोरडा करणारी ती बाई. पण ते सांगणं केराबद्दल होतं. इडापिडा म्हणजे केर, असं तिच्याही मनात आलं नाही. तीही त्याच गावची लेक होती.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज झाली. तिसऱ्या दिवशी तिनं हौदांवरची ओली पोती उचलली आणि तिचे हात तसेच राहिले. गांडुळं विटांच्या भिंतीवर चढून एकमेकांत गुंतून पडली होती. काही अजून वळवळत होती. बाकीची पांढुरकी, लिबलिबीत झाली होती आणि वास सुटला होता. तिनं दुसरं पोतं उचललं, तिसरं उचललं, चौथं उचललं. मग चिमूटभर खत जिभेवर ठेवलं. खारट लागलं. खतात चुन्याची पोपडी चमकत होती.

दिवसभर ती घागरी वाहत राहिली. धुऊन निघेल, थोडी तरी वाचतील, म्हणून. मीठ पाण्याबरोबर खाली उतरलं आणि खाली दडलेली होती तीही मेली. चांगुणा हौदाच्या कडेला बसून रडली. नवऱ्यानं एसटीत बसवलं तेव्हा ती इतकी रडली नव्हती, कारण तेव्हा तिचं काही चुकलं नव्हतं.

संध्याकाळी ती अकबरबीकडे गेली. अकबरबीनं डेऱ्यातलं खत बोटानं उकरून दाखवलं. लालभडक गांडुळं चपळाईनं आत शिरली.

"मैं तो कुछ बी नै डाली, बाई," अकबरबी म्हणाली. "हमारे में तो पाडवाच नै." चांगुणानं मान हलवली. आता तिला पूर्ण खात्री पटली होती.

समितीची जीप ठरल्या दिवशी आली. सडकेच्या दोन्ही कडा सारवल्यासारख्या स्वच्छ होत्या, भिंतींवर सुविचार रंगवले होते, शाळेतल्या पोरींनी स्वागतगीत म्हटलं. मग समितीचे तीन साहेब कोंडवाड्यात आले आणि तिघांनीही एकदम रुमाल काढले. "हे काय?" एकानं विचारलं. बद्रीनाथ काहीतरी पुटपुटला. दोन मिनिटांत जीप निघून गेली, चहाची किटली तशीच भरलेली राहिली.

त्याच संध्याकाळी मारुतीच्या पारावर गाव जमलं. बाया एका अंगाला बसल्या. बद्रीनाथचा चेहरा उतरला होता. "चांगुणा, खरं सांग," तो म्हणाला. "गांडुळं मेली कामून? पाणी कमी पडलं का?"

हो म्हणाली असती तर चार शिव्या खाऊन सुटली असती. पण शिबिरात तिला शिकवलं होतं, चूक लपवू नका, लोकांना समजावून सांगा. खोलीचीही आशा सुटत नव्हती. नीट समजलं तर पुढच्या साली पुन्हा करता येईल, पुढच्या साली नंबर येईल.

"पाणी कमी पडलं न्हाई," ती म्हणाली. "पाडव्याच्या दिशी सुपातलं मीठ हौदात पडलं. चुना पडला. चूक माझीच व्हती, म्याच हौदात टाका म्हणलं. मिठानं गांडूळ मरतं. अकबरबीच्या डेऱ्यातली गांडुळं जित्ती हायेत. तिनं मीठ टाकलं न्हाई. जाऊन बघा पाह्यजे तर."

कुणी चिडलं नाही, कुणी ओरडलं नाही. चांगुणाला क्षणभर वाटलं, पटलं लोकांना.

"म्हणजे पाडव्याला जे टाकलं त्यानंच मेली," भुजंग म्हणाला. हा पारावरचा शहाणा माणूस, प्रत्येक गोष्टीचा अर्थ लावून देणारा.

"व्हय."

"आन् अकबरबीच्या घरी पाडवा न्हाई, म्हणून तिची जित्ती."

"व्हय, तेच म्हणून राह्यले मी."

"मंग बराबर हाय," भुजंग गावाकडे वळून म्हणाला. "सव्वाशे घरांची पिडा एका जागी पडली. ती कुणावर तरी उतरणारच व्हती. मुक्या जिवांवर उतरली."

बायांत कुजबुज झाली आणि मग तुळजाबाईचा आवाज आला. "माझ्या नातवाचा ताप पाडव्यापासून उतरला," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "महिनाभर पोरगं जळत व्हतं. पाडव्याला सूप टाकून आले आन् त्याच दिशी उतरला. काल भाकर खाल्ली त्यानं." आणखी कुणीतरी बोललं, आमची म्हैस पान्हा चोरत होती, ती आता दूध द्यायला लागली. जणू सगळ्या गावाला बरं वाटलं होतं.

चांगुणा म्हणत राहिली, अहो मीठ, मिठानं मरतंय, बादलीत टाकून दाखवते. कुणी ऐकत नव्हतं. इतकी मोठी गोष्ट कळल्यावर मिठाचं काय घेऊन बसायचं?

"आन् त्या खताचं काय करायचं?" कुणीतरी विचारलं.

"हात बी लावायचा न्हाई त्याला," भुजंग म्हणाला. "कुणाच्या शेतात टाकता ते? कुणाची पिडा कुणाच्या वावरात."

मग सगळ्यांना एकदमच ती गोष्ट सुचली असावी, कारण सगळे एकदमच चांगुणाकडे बघायला लागले. तिनं त्या हौदांत कोपरापर्यंत हात घातले होते. आठवडाभर ती तेच उपसत होती, आणि संध्याकाळी पुंजारामच्या घरी येऊन निजत होती. उषाबाईनं शेजारी बसलेल्या आपल्या लेकीचा हात धरला आणि तिला घेऊन दोन बायांच्या पलीकडे जाऊन बसली.

"बद्रीभाऊ," उषाबाई डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, "तुमी त्यांना खोली देतो म्हणलं व्हतं ना?"

बद्रीनाथनं पुंजारामकडे बघितलं. पुंजारामनं खाली बघितलं.

"देऊन टाका मंग," भुजंग म्हणाला. "तिथं दुसरं कोण राह्यला जाणार हाय आता? तिलाबी पाह्यजेच व्हती."

ठराव एकमतानं झाला. ग्रामसेवकानं तो लिहून घेतला. उठताना तुळजाबाई चांगुणाजवळ आली, पण नेहमीसारखी पाठीवर थोपटायला नाही. चार पावलांवर थांबली. "वाईट वाटून घेऊ नको बाय," ती म्हणाली, आणि तिला मनापासून वाईट वाटत होतं. "तुझ्यामुळं गाव सुटलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सडकेच्या कडेला पहिलं शेण पडलं. दुपारपर्यंत पंधरावीस घरांनी आपापली जुनी जागा धरली होती. केर घेऊन कोंडवाड्याकडे कुणी आलं नाही.

उन्हं कलताना पुंजाराम सायकलवर पत्र्याची पेटी आणि वळकटी बांधून घेऊन आला. फाटकाबाहेरच त्यानं सायकल लावली, पेटी उतरवली आणि फाटकाच्या आत ढकलली. वहिनीनं दोन पायल्या ज्वारी, तवा आणि तिखटाचा डबाही दिला होता. काही म्हणजे काही कमी केलं नव्हतं.

"दादा, आत ये की," चांगुणा म्हणाली. "चूल मांडलीय म्या. च्या टाकते."

"नगं. उशीर व्हतो."

"बसू नको मंग. पाणी तरी पे."

तिनं तांब्या घासून लख्ख केला होता. पाणी भरून ती फाटकापर्यंत आली आणि तांब्या त्याच्यापुढे धरला. पुंजाराम उन्हातून तीन फर्लांग सायकल रेटत आला होता, गळ्यापर्यंत घामानं भिजला होता. त्यानं तांब्याकडे बघितलं आणि सायकलचं हँडल धरलं.

"घरी जाऊनच पेतो," तो म्हणाला. बहिणीकडे बघायचं त्याला जमलं नाही.

तो वळणापलीकडे दिसेनासा होईपर्यंत चांगुणा तांब्या धरून उभी राहिली. मग पाणी आत नेऊन झाकून ठेवलं, पेटी ठरवलेल्या जागी लावली आणि चूल पेटवून एकटीपुरता चहा टाकला. दार तिनं उघडंच ठेवलं. लावायचं तरी कुणासाठी?